एका भांडखोर माशाची टाकी: जानेवारी ते डिसेंबरच्या नोंदी

११ जानेवारी

टाकी आली. १२० × ६० × ५० सेमी, काच १० मिमी. कागदावर ३६० लिटर. वर चार बोटं जागा सोडली, खाली वाळू आणि दगड घातले की पाणी उरतं ३०० लिटरच्या आसपास. एवढी टाकी कशाला, असं घरी विचारून झालं. त्यात एकच मासा राहणार आहे हे मी अजून सांगितलेलं नाही.

मासा ठरलाय: रेड डेव्हिल. मूळचा निकाराग्वातल्या तळ्यांचा, सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातला, अंगाने फूटभर होणारा आणि दुसऱ्या कुणालाही टाकीत न टिकू देणारा. त्याच्याच तळ्यांतला मायडास सिक्लिड दिसायला इतका सारखा की विक्रीसाठी वाढवताना दोघांची पार सरमिसळ झाली आहे. जाड ओठ ही रेड डेव्हिलची खूण, पण पाळीव माशात ते ओठही बारीक होत जातात. म्हणून इथे ‘रेड डेव्हिल’ म्हणजे या नावाने विकला जाणारा मासा, एवढंच समजा.

वजनाचा हिशोब आधी करा. पाणी ३०० किलो, काच साधारण ६३ किलो, वर वाळू-दगड आणि स्टँड. चारशेच्या पुढे जातं. मी स्टँड ठेवला, त्यावर टाकी ठेवली आणि मग लेव्हल लावून पाहिली. डावीकडे ४ मिमी उतार! टाकी पुन्हा उतरवायला तीन माणसं लागली आणि ती तिघं एकाच वेळी मोकळी सापडायला दोन दिवस गेले. आधी नुसत्या स्टँडवर लेव्हल लावायची, पायाखाली पट्ट्या सारायच्या, थर्माकोलची शीट टाकायची आणि मगच टाकी चढवायची. हे कुणालाही सुचेल. मला सुचलं नाही.

१९ जानेवारी

पाणी भरून तीन दिवस ठेवलं. गळती नाही. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, जोडला. ताशी २००० लिटर असं खोक्यावर लिहिलंय, पण आत मटेरियल भरलं आणि पाइप चढवला की तेवढं कुठलं यायला! भरपूर घाण करणारा मासा आहे, म्हणून मोठा घेतला. खर्चाच्या वहीत सगळ्यांत वर फिल्टर, मग टाकी, मग स्टँड. मासा सगळ्यांत खाली येणार हे आताच दिसतंय.

मागच्या काचेला काळा कागद लावायचा राहून गेला. टाकी भिंतीला टेकून, पाण्याने भरलेली. राहू दे म्हटलं.

१० फेब्रुवारी

२० जानेवारीपासून टाकी सायकल करतोय, म्हणजे माशाच्या घाणीतल्या अमोनियाचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवतोय. मासा नाही, फक्त साबण-सुगंध नसलेला अमोनिया थेंबाथेंबाने घालून २ पीपीएमवर (दहा लाख भागांत दोन) ठेवायचा आणि जिवाणू वाढायची वाट बघायची. सोळाव्या दिवशी नायट्राइट दिसला. खूश झालो.

परवा फिल्टरची धार कमी वाटली. उघडला आणि स्पंज, सिरॅमिक रिंगा सगळं नळाखाली धरून लख्ख धुतलं. नळाच्या पाण्यात क्लोरिन. जे वाढवायला अडीच आठवडे घालवले तेच पाच मिनिटांत धुऊन टाकलं. काल अमोनिया घातला तो आज तसाच्या तसा आहे. पुन्हा पहिल्यापासून.

फिल्टरमधलं मटेरियल टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, हलकं पिळायचं. लख्ख दिसलं तर काहीतरी चुकलंय.

४ मार्च

चव्वेचाळिसावा दिवस. काल संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला, आज संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सलग तिसऱ्यांदा. तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी बदलून साठलेला नायट्रेट खाली आणला. तापमान २७.

६ मार्च

तीन पिल्लं आणली. प्रत्येकी ५-६ सेमी, करडी, अंगावर आडवेतिडवे पुसट पट्टे. ‘रेड’ कुठेच नाही.

एक मासा ठरलेला असताना तीन का? कारण मला निवडायचं होतं. तिन्ही वाढवू, सगळ्यांत छान होईल तो ठेवू, बाकीचे देऊन टाकू. आणि तिघं असली की मार एकावरच पडत नाही, वाटला जातो, हेही कुठेतरी डोक्यात होतं.

२१ मार्च

पंधरा दिवसांत हिशोब कळला. सगळ्यांत मोठं पिल्लू ७ सेमीचं झालं आणि त्याने मधला मोठा दगड आपला केला. दुसरं हीटरमागे. तिसरं वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून, नाक वर करून. शेपटी कुरतडलेली, एका बाजूचे खवले गेलेले. मी चार दिवस बघत होतो आणि मनाशी म्हणत होतो की रुळतील. माशाने वरचा कोपरा धरला की तो रुळत नसतो, त्याला उतरायला जागा उरलेली नसते.

त्याला ४० लिटरच्या साध्या टबमध्ये हलवलं, स्पंज फिल्टरसकट. तिसऱ्या दिवशी गेलं. ही माझीच चूक. पहिल्या दिवशी शेपटी फाटलेली दिसली तेव्हाच काढायला हवं होतं. दुसरी टाकी तयार नसताना तीन पिल्लं आणायलाच नको होती.

तळ्यात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तिथेच संपतं. टाकीत पळायला १२० सेमी आहेत. हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या नजरेआड कधी जातच नाही, म्हणून भांडण संपत नाही. दगड, बोगदे, नळ्या सगळं घालून पाहिलं. त्याने लपायला मदत होते, जेवायला बाहेर यायला होत नाही.

५ एप्रिल

दुसरं पिल्लू एका ओळखीच्या माणसाला दिलं. त्याच्याकडे रिकामी टाकी होती. मधल्या काळात टाकीत आडवी जाळी घालून दोघांना वेगळं ठेवलं होतं. जाळीच्या दोन्ही बाजूंनी दोघं दिवसभर एकमेकांसमोर कल्ले फुगवून उभी. जेवण सोडून. नुसतं दिसणंही त्यांना पुरतं. जाळी घालायचीच असेल तर तिला पलीकडचं न दिसणारा तुकडा लावा.

आता एकच. भाची आली होती, तिने नाव ठेवलं: दादा. गल्लीतल्या दादासारखा फिरतो म्हणे.

२६ एप्रिल

दादा ९ सेमी. वाळू तोंडात भरतो, टाकीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि थुंकतो. दिवसभर हेच. मागच्या कोपऱ्यात काचेचा तळ उघडा पडलाय आणि डाव्या बाजूला डोंगर झालाय. अनुबियासची दोन रोपं दगडाला दोऱ्याने बांधली होती, ती रविवारी पाण्यावर तरंगत होती. मी ती पुन्हा बांधली, त्याने पुन्हा सोडवली. तिसऱ्यांदा मी रोपंच काढून घेतली.

आजची खरी नोंद ही नाही. गेल्या आठवड्यात एका सकाळी मोठ्ठा आवाज झाला. तीन दगडांची जी गुहा रचली होती ती कोसळली. दगड मी वाळूवर ठेवले होते. त्याने खालची वाळू उपसली, पाया गेला, वरचा चपटा दगड घसरून समोरच्या काचेवर आदळला. काचेच्या आतल्या बाजूला तांदळाएवढा टवका उडालाय. तडा नाही. नशीब, कारण तीनशे लिटर पाणी घरात आलं असतं.

टाकी अर्धी रिकामी केली, मासा झाकणाच्या टबमध्ये. तळाला प्लॅस्टिकची जाळीदार शीट टाकली, दगड थेट त्या शीटवर ठेवले आणि वाळू नंतर, दगडांच्या भोवतीने ओतली. आता त्याने कितीही उकरलं तरी दगड हलत नाही, कारण तो आधीच तळावर बसलाय. एकावर एक दगड रचणं बंद. एक गुहा हवीच होती, तिचे दोन दगड बाहेर काढून, कोरडे करून ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने जोडले आणि दोन दिवस सुकू दिले. वाळूही कमी केली, चार सेमीवरून दोनवर. आख्खा शनिवार-रविवार गेला.

एक फायदा: त्याच गडबडीत टाकी हलकी झाली म्हणून चौघांनी दोन बोटं पुढे सरकवली आणि मागे व डावीकडे काळा कागद लावला. जानेवारीत जे काम दहा मिनिटांचं होतं त्याला आता चार माणसं लागली. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला की काच आरशासारखी होते आणि हा स्वतःच्याच प्रतिबिंबावर तोंड वासून धावतो. मागच्या आणि डाव्या बाजूला कागद लावल्यापासून निम्मं धावणं थांबलंय.

९ मे

हीटर.

काचेच्या नळीचा ३०० वॅटचा हीटर होता, मागच्या काचेला रबरी सक्शन कपांनी चिकटवलेला. गेला आठवडाभर रात्री टक्-टक् ऐकू येत होतं. वाटलं पंप वाजतोय. परवा रात्री दिवा न लावता टाकीसमोर बसून राहिलो तेव्हा कळलं. हीटर चालू झाला की त्याचा छोटा लाल दिवा लागतो, आणि दिवा लागला की दादा येऊन त्याला धडक देतो. दिवा विझला की जातो. एका कपाची पकड सुटली होती, त्यामुळे प्रत्येक धडकेला हीटर काचेवर आपटत होता.

उद्या बघू म्हटलं. काल पहाटे टाकीची वीज गेली. म्हणजे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला होता. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतलाय, तो नसता तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. हीटरची नळी मधोमध फुटलेली, आत पाणी, तळाला काचेचे तुकडे. मासा ठणठणीत, गुहेच्या तोंडाशी उभा, मलाच कल्ले फुगवून दाखवतोय.

आधी प्लग काढला, मगच हात घातला. ही सवय हीटर फुटायच्या आधीपासून लावून घ्या. काचेचे तुकडे सायफनने आणि उरलेले चिमट्याने काढले. मग वाळूचा वरचा थरच फेकून दिला, कारण हा वाळू तोंडात घेतो.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न: नवा हीटर आणून तो पीव्हीसी पाइपच्या आत बसवला, पाइपला भोकं पाडली. मजबूत झालं. पण भोकं कमी पडली. पाइपच्या आतलं पाणी पटकन तापायचं, थर्मोस्टॅटला वाटायचं काम झालं, हीटर बंद. आज सकाळी टाकीत २३ अंश, पाइपमधलं पाणी मात्र पुरेसं गरम.

१४ मे

दुसरा प्रयत्न टिकला. टाकीच्या बाहेर, कॅनिस्टरच्या परतीच्या पाइपवर बसणारा हीटर घेतला. आत काहीच नाही, म्हणजे फोडायलाही काही नाही. पैसे दोनदा गेले, शिवाय मूळच्या हीटरचे वेगळे. अशा माशासाठी टाकीच्या आत हीटर ठेवायचाच असेल तर जाळीचं कव्हर असलेला, न फुटणाऱ्या बॉडीचा घ्या आणि एका मोठ्याऐवजी दोन छोटे घ्या, म्हणजे एक चिकटून चालूच राहिला तरी पाणी उकळणार नाही.

याच निमित्ताने आतल्या सगळ्या वस्तूंकडे पाहिलं. थर्मामीटर काढून बाहेरून चिकटवायचा घेतला. हवेची नळी तो ओढून खेळायचा, तीही काढली. फिल्टरची परतीची धार पृष्ठभागावर पडेल अशी वळवली, हवा मिळते. पाणी ओढणाऱ्या नळीला जाड स्पंज चढवला, कारण वाळू इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या चक्रात, जाऊन तो किरकिरायला लागला होता.

२ जून

लांबी १२ सेमी. गेल्या दोन आठवड्यांत अंगावर काळे डाग, त्यांच्या कडांना पांढुरकं, मधेच नारिंगी चट्टे. परांच्या टोकांना काळं. घाबरलो. बुरशी असेल म्हणून टाकीत मीठ घातलं, औषधही आणून ठेवलं. ओतायच्या आधी पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, भूक जोरात, कल्ले सावकाश चाललेले. आजारी मासा असा खात नाही.

आजार नव्हताच. हा रंग बदलतोय. पिल्लं करडीच जन्मतात आणि काहींच्या अंगातलं काळं रंगद्रव्य हळूहळू नाहीसं होतं, खालचा पिवळा-नारिंगी वर येतो. तळ्यांत बहुतेक मासे जन्मभर करडेच राहतात, थोडेच सोनेरी होतात. विक्रीसाठी सोनेरीच निवडून वाढवले म्हणून आपल्याला ते नेहमीचे वाटतात. मायडास सिक्लिडवर वर्षानुवर्षं काम केलेल्या जॉर्ज बार्लो यांना प्रयोगांत दिसलं होतं की सारख्याच आकाराच्या करड्या आणि सोनेरी माशांत सोनेरीची सरशी होते. म्हणजे माझा दादा आता अजून दादा होणार.

मीठ दोन वेळा पाणी बदलून काढलं. औषधाची बाटली न उघडता कपाटात.

२० जून

झाकणावर दोन विटा ठेवल्या. कारण विचारू नका. मासा वाचलाय.

१२ जुलै

चावला. काच घासायला हात घातला होता, लक्ष दुसरीकडे. मनगटाजवळ धडक, मग करवतीने ओढल्यासारखं. कातडी खरवडली, टाके वगैरे नाहीत. साबणाने धुतलं, जंतुनाशक लावलं. लांबी १४ सेमी, आणि पुढे हा ३० पर्यंत जाऊ शकतो हे आठवलं की हातमोजे स्वस्तच वाटतात.

त्यानंतर पद्धत बदलली. ॲक्रिलिकची एक अपारदर्शक शीट टाकीच्या रुंदीएवढी कापली, वरून सरकवली की टाकीचे दोन भाग होतात. आधी खाणं उजवीकडे टाकतो, तो तिकडे आला की मध्ये शीट, मग डावीकडे सायफन, घासणं. मग उलट. सुरुवातीला शीट सरकवायला उशीर व्हायचा आणि तो मध्येच परत यायचा. आता दोघांनाही सराव झालाय. पाणी बदलायला ४० मिनिटं लागायची, आता ५०. ती दहा मिनिटं मी आनंदाने देतो.

ओळखतो मात्र. दुसरं कुणी टाकीसमोर आलं तर गुहेत, मी आलो की काचेपाशी, खालीवर. प्रेम आहे की पेलेट, ते मी ठरवत बसत नाही.

३ ऑगस्ट

पुन्हा मोह झाला. १५ सेमीचा चिलखती प्लेको आणला. तळाचा, शांत, हाडांच्या पट्ट्यांचा, याच्या वाटेला जाणारच नाही असा. दिवे लागलेले असताना सगळं ठीक. रात्री अडीचला उठून पाहिलं तर दादा त्याला काचेवरून सोलून काढतोय. डोळ्यांवर धावत होता. प्लेकोला लगेच उचललं, दुसऱ्या दिवशी जिथून आणला तिथे परत दिला. एक दिवस, एक घाबरलेला जीव. हा प्रयोग आता संपला.

कुणी सांगेल की आमच्याकडे दोघं सुखाने राहतात. असतील. त्यांनी रात्री अडीचला उठून पाहिलंय का ते विचारा.

२४ ऑगस्ट

डोक्यावर, डोळ्यांच्या वर, टाचणीने टोचल्यासारखे तीन खड्डे. ‘होल इन द हेड’ची सुरुवात.

पाणी तपासलं. अमोनिया, नायट्राइट शून्य, पण नायट्रेटचा रंग पट्टीवरच्या ८० च्या पुढे. कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. जुलैअखेरीपासून तीन आठवडे मी धड पाणी बदललेलं नाही, दहाएक लिटर काढून समाधान मानलं. त्याच काळात खाणं वाढवलं, कारण तो मागतो. दिवसातून चार वेळा मागतो आणि मी चारही वेळा देत होतो. ओढणाऱ्या नळीवरचा स्पंज चिखलाने भरलेला, फिल्टरची धार अर्ध्यावर. शिवाय मधून मधून छोटे जिवंत मासे देत होतो, बघायला मजा येते म्हणून. ते बंद. अशा माशांबरोबर परजीवी येतात. गोल्डफिश तर त्याहून वाईट, त्यांच्या अंगात व्हिटॅमिन बी-१ मोडणारं थायमिनेज असतं. गाई-म्हशीचं काळीज देतात काही जण. ती चरबी माशाला पचत नाही.

एकदम सगळं पाणी बदललं नाही. इतक्या दिवसांच्या जुन्या पाण्याची सवय झालेल्या माशाला अचानक नव्या पाण्याचा धक्का बसतो. रोज २५ टक्के, सहा दिवस, प्रत्येक वेळी डीक्लोरिनेटर, तापमान जुळवून. फिल्टरमधला कोळसा काढला. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास. चांगल्या प्रतीचे पेलेट, अधूनमधून गोठवलेली कोळंबी, वाफवलेला सोललेला मटार.

मेट्रोनिडॅझोल (परजीवींवरचं औषध) आणायचा मोह झाला होता. खड्डे उथळ होते, मासा खात होता, विष्ठा पांढरी-दोरीसारखी नव्हती. म्हणून आधी पाणी सुधारून बघायचं ठरवलं. खड्डे वाढले किंवा खाणं थांबलं तर माशांच्या डॉक्टरला विचारून औषध, असं वहीत लिहून ठेवलं.

१५ ऑक्टोबर

सात आठवडे. दर बुधवार-रविवार ३० टक्के पाणी, न चुकता. नायट्रेट २० च्या आसपास. दोन खड्डे भरले, तिसऱ्याची फिकट खूण राहिली आहे, ती कदाचित राहीलच. लांबी १७. अंग आता पूर्ण नारिंगी, फक्त शेपटीच्या टोकाला काळा ठिपका.

स्पंज दर रविवारी काढून टाकीच्या पाण्यात पिळायचा, हे कॅलेंडरवर लिहिलंय. डोक्यात ठेवलं की विसरतो.

८ नोव्हेंबर

काहीतरी बिनसलंय. आठवडाभर दादा आधीपेक्षाही आक्रमक. शीट सरकवली तर शीटवर धडका. समोरून मांजर गेलं तरी काचेवर. गुहेशेजारच्या चपट्या स्लेटला तोंडाने घासत बसतो, तासन्‌तास, शेवाळाचा कणही ठेवला नाही. शेजारी मोठा खड्डा खणलाय, थेट तळाच्या जाळीपर्यंत. खाणं कमी.

कंटाळला असेल म्हणून टेबल टेनिसचा चेंडू पाण्यावर सोडला. ढुंकून पाहिलं नाही. मग दगडांची जागा बदलली. एरवी हे चालतं, जागा बदलली की त्याचा इलाखा मोडतो आणि तो दोन दिवस गप्प असतो. या वेळी वेडापिसा झाला. स्लेट मी उजव्या कोपऱ्यात नेली तर तिथेही घासणं सुरू, आणि रात्रभर नवा खड्डा. काल काचेवर इतक्या जोरात आपटला की ओठ सुजलाय. स्लेट मुकाट्याने जुन्या जागी ठेवली.

११ नोव्हेंबर

स्लेटवर अंडी आहेत.

फिकट पिवळसर, साबुदाण्याहून बारीक, शेकडो, ओळींनी चिकटवलेली. आणि वर दादा, पर हलवून त्यांना वारा घालतोय. घालतेय.

पोटाखालची नळी आता दिसते आहे: जाड, बोथट. नराची टोकदार असते. गेल्या आठ दिवसांत मी एकदा जरी खालून नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. मी कपाळाचा थोडा उंचवटा, मोठं अंग आणि तिचा स्वभाव पाहून नर ठरवून मोकळा झालो होतो. लहान माशात नर-मादी ओळखता येत नाही, हे मार्चमध्ये माहीत होतं. नंतर पुन्हा तपासून बघावं असं कधी वाटलंच नाही.

मागच्या नोंदींतला ‘तो’ बदललेला नाही. त्या वेळी मला जे दिसत होतं ते तसंच राहू दे.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मग आता ताई म्हणायचं का रे मामा?” मी म्हटलं, तिलाच विचार, पण काचेपासून लांब उभी राहून.

१४ नोव्हेंबर

नर नाही, म्हणजे अंडी फळणार नव्हतीच. दुसऱ्या दिवशी बरीच पांढरी पडली, तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर कापूस धरला. ती आधी पांढरी अंडी एकेक वेचून काढत होती, काल रात्रीतून उरलेलीही खाल्ली. मी हात घातला नाही. पाणी बदलताना फक्त वरचं पाणी काढलं, सायफन स्लेटपासून लांब, शीट घातलीच नाही. अंडी होती तोवर सायफनच्या नळीवर सोळा धडका. मोजल्या.

नर आणून द्यावा का, असं दोघांनी सुचवलं. नाही. दोन मोठे रेड डेव्हिल एका टाकीत ठेवायला १२० सेमी पुरत नाहीत हे मला मार्चमध्ये ७ सेमीच्या पिल्लाने शिकवलंय, आणि जोडी जमली तर पुढे पाच-सहाशे पिल्लांचं काय करायचं?

१७ डिसेंबर

लांबी १९. पाच आठवड्यांनी पुन्हा अंडी. या वेळी आधी ओळखलं: स्लेट घासायला लागली त्या दिवसापासून दगडांना हात लावला नाही, खाणं थोडं कमी केलं, समोरच्या काचेवर अर्ध्या उंचीपर्यंत कागद लावला. ओठ सुजला नाही. धडका चालूच, पण मांजराला सूट मिळाली.

खर्चाची वही बेरीज करून बंद केली. मासा सगळ्यांत खालच्या ओळीत आहे, त्याच्या वर दोन फुकट गेलेले हीटर.

२३ डिसेंबर

अंडी गेली. वाळू पसरून सपाट केली. सकाळी पाहिलं तर स्लेटशेजारी खड्डा, पहिला होता तिथेच.